उपचार चालू आहे

माझा धाकटा भाऊ कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर माप घेतात, माप आमच्याकडे येतं, धाकटा त्यावरून कवळी बनवतो, आणि डॉक्टर ती रोग्याच्या तोंडात बसवून सगळं स्वतःच केल्यासारखं हसतात. या प्रकारात धाकट्याला माणूस बघावा लागत नाही. हा धंदा त्याने नेमका त्यासाठीच निवडला असावा, असा माझा जुना संशय आहे. चेहऱ्यावरून तो कोणालाच ओळखत नाही. बाजारात कोणी हाक मारली तर हा ढिम्म उभा. समोरचा हसला की मग याच्या डोळ्यांत ओळख येते. "वरची पूर्ण, खालची अर्धी," असं माझ्या कानात सांगतो आणि मग नमस्कार करतो.

मी त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून याच्याकडे आले, ते चार दिवस अजून संपायचे आहेत. पुढच्या खोलीत त्याचं काम चालतं, मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. माणसांशी बोलायचं खातं माझ्याकडे. डॉक्टरांचे निरोप, उशीर झाला की सबबी, नळवाल्याशी भांडण, सगळं मी बघते. दात त्याचे, तोंड माझं, असा आमचा कारभार आहे.

पुढच्या खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या आहेत आणि त्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले आहेत. केलेल्या प्रत्येक कामाचा साचा तो जपून ठेवतो. एकदा घर आवरताना मी त्यातले थोडे टाकायला काढले, तर हा माझ्यावर रुसला. रुसलाय हे मला दोन दिवसांनी कळलं, कारण एरवीही तो बोलत नाहीच.

एका दुपारी समोरच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. त्यांच्या बोटाला पट्टी होती. त्यांच्यामागे मुलींच्या बालगृहातली एक मावशी होती, आणि मावशीच्या मुठीत एका मुलीचं मनगट.

"हिचं माप तुम्हीच घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी हात टेकले."

"का, काय झालं?" मी विचारलं.

"चावली."

पोरगी असेल नऊएक वर्षांची. जिन्यावरून पडून तिचे वरचे पुढचे दोन दात मुळासकट गेले होते. दुधाचे नव्हेत, पक्के आलेले. तेव्हापासून बालगृहात सगळ्या तिला खिडकी म्हणायच्या. ती अगदी लहान असताना कोणीतरी तिला तिथे सोडून गेलं होतं आणि पुन्हा न्यायला कोणी फिरकलं नव्हतं. हे मावशीने तिच्यासमोरच सांगितलं, रस्त्यात खड्डे किती झालेत ते सांगावं तसं. मला मावशीचा राग आला. पोरीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

खिडकीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. धाकटा मापाचा ट्रे हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला. दोघंही बोलेनात. न बोलण्याच्या बाबतीत माझा भाऊ आजवर कोणाला हरलेला नाही, त्यामुळे मी स्वयंपाकघरातून चहा करून आले तरी दोघं तशीच. शेवटी तीच फळ्यांकडे बघत, तोंडावर हात ठेवून बोलली.

"हे सगळे मेलेत का?"

"काही," धाकटा म्हणाला.

"कुठले?"

त्याने बोटाने दाखवले. हा, तो, वरच्या फळीवरचे कोपऱ्यातले. "आणि हा गेल्या आठवड्यात गेला."

"कवळी घालून?"

"हो. घालूनच."

यावर तिने बराच विचार केला. मग तोंडावरचा हात काढला आणि आ केला. धाकट्याने माप घेतलं. ती चावली नाही. डॉक्टरीणबाईंना बरं वाटायला हवं होतं, पण त्या जरा फणकाऱ्यानेच गेल्या.

पुढचे दात लावायचे तर माणूस हसताना ओठ किती वर जातो ते बघावं लागतं, नाहीतर दात एक तर दिसतच नाहीत किंवा तोंडाबाहेर यायला बघतात. एरवी ही खूण डॉक्टरच करून पाठवतात. आता ते काम धाकट्यावर आलं. पुढच्या खेपेला त्याने पोरीला खुर्चीत बसवलं, मेणाचा साचा तिच्या तोंडात ठेवला, पेन्सिल सरसावली आणि म्हणाला, "हस."

ती हसली नाही. का हसावं?

धाकट्याने घसा खाकरला. मी दारातच उभी होते, मला वाटलं आता हा मला बोलावणार. तर हा चक्क विनोद सांगायला लागला.

"एक माणूस होता. त्याला दात नव्हते."

पोरीने वाट बघितली. मीही.

"मग?" ती मेण सांभाळत म्हणाली.

"मग मी करून दिले."

विनोद संपला होता, हे कळायला आम्हा दोघींना जरा वेळ लागला. आधी मला हसू फुटलं. इतकी वर्षं एका घरात काढली, पण या माणसाने विनोद सांगितल्याचं मला आठवत नव्हतं, आणि हा असा. माझ्याकडे बघून पोरगी हसली, तोंडाकडे हात न्यायचं विसरली, आणि धाकट्याने झटकन मेणावर रेघ मारली. "झालं," म्हणाला. त्याच्या लेखी विनोदाचा उपयोग तेवढाच होता.

दात बसवले त्या दिवशी मी आरसा पुढे केला. तिने त्यात बघितलंच नाही. टेबलावरचं सफरचंद उचललं, कचकन चावलं, आणि चावलेल्या जागेकडे डोळे लावून बघत राहिली.

"हे माझे?" तिने विचारलं.

"तुझे," धाकटा म्हणाला. सफरचंद त्याचं होतं, पण ते त्याने काढलं नाही.

आता या दातांची गोष्ट अशी असते की पोर वाढतं, त्याचा जबडा वाढतो, आणि दात ज्यावर लावलेले असतात ती टाळूची प्लेट मात्र आहे तेवढीच राहते. काही महिन्यांनी ती घट्ट होते. मग नवं माप, नवी प्लेट. बालगृहाचा नियम असा की शाळा आणि उपचार सोडून मुलींनी फाटकाबाहेर पडायचं नाही. खिडकीला हे समीकरण फार लवकर उमगलं. दर शनिवारी मावशीला घेऊन ती हजर.

"टोचतंय," दारातूनच सांगायची.

धाकटा प्लेट काढून, धुऊन, दिव्याखाली धरून बघायचा. त्याला खोटं बोलता येत नाही. त्याच्या अंगात तो अवयवच नाही. "टोचण्यासारखं काही नाहीये," म्हणायचा.

"थोड्या वेळाने टोचेल."

"मग थांब."

ती थांबायची. टोचायची वाट बघत संध्याकाळपर्यंत थांबायची. मावशीला तर मोकळा शनिवार हवाच होता. ती पोरीला सोडून आपल्या बहिणीकडे जायची आणि दिवेलागणीला न्यायला यायची.

त्या दोघांचं काय जमलं होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तो कामात, ती स्टुलावर. ती फळीवरचा एखादा जबडा उचलायची आणि म्हणायची, "ही बाई भांडखोर आहे."

"पुरुष आहे तो."

"मग पुरुष भांडखोर आहे."

धाकटा साचा हातात घेऊन दाढांवरची झीज बघायचा. "हो, दातओठ खातो. झोपेत." की ही खूश. कधी ती अख्ख्या फळीची लग्नं लावायची, हा वरचा त्या खालचीला, आणि धाकटा गंभीरपणे सांगायचा की यांचं जमणार नाही, चावा जुळत नाही. तिचं पाठांतर तो ऐकायचा. चुकली तर चूक सांगायचा, बरोबर आलं तर काहीच बोलायचा नाही. ती म्हणायची, "काका, शाबास म्हणा." तो म्हणायचा, "बरोबर आलं ना? मग?"

"तुमचं कधी चुकतं का हो, काका?" तिने एकदा विचारलं.

त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "नाही," म्हणाला.

फुशारकी वगैरे काही नव्हती. पण पोरीने ते मनावर घेतलं. माझे काका चुकत नाहीत, हे तिने सगळ्या बालगृहाला ऐकवून सोडलं. दात खोटे दिसतात म्हणणाऱ्या एका मुलीला तिने बादलीने बडवलं, असं मावशीकडून कळलं. बादली रिकामी होती, एवढीच त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मला ती सुरुवातीला काहीच म्हणायची नाही, नुसतं "अहो". मी म्हटलं, अहो काय, मावशी म्हण. "मावश्या तिकडे ढीगभर आहेत," ती म्हणाली, आणि जरा विचार करून दुसऱ्या शनिवारपासून मला आत्या म्हणायला लागली. मी धाकट्याकडे बघितलं नाही. तो मशीनवर खूपच वाकून काहीतरी घासत होता.

तर असं सगळं सुरळीत चाललं होतं. पोरगी बारा वर्षांची झाली आणि एका शनिवारी मावशीने दारातच मला बाजूला घेतलं.

"आता हिला हलवणार," म्हणाली. "बारा पूर्ण झालेल्या मुली मोठ्या वसतिगृहात जातात. दुसऱ्या गावाला. लांब आहे, दिवसभराचा प्रवास."

मी दार ओढून घेतलं. "काही सवलत नाही का त्यात?"

"उपचार चालू असेल तर ठेवतात. अधीक्षकबाई म्हणाल्या, हिचे दात तर बसलेत ना? तपासणीचे डॉक्टर येणार आहेत पुढच्या महिन्यात. ते बघतील. दात नीट असले की झालं."

संध्याकाळी पोरगी गेल्यावर मी धाकट्याला हे सगळं सांगितलं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. फळीवरून तिचा साचा काढून बघितला.

"दात नीट आहेत," म्हणाला.

"तेच तर."

"सध्याची प्लेट घट्ट व्हायला आलीये. नवी करायचीच आहे. ती नीट बसेल."

"बसायला नको," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कोणाच्या तरी चहात विष घालायला सांगत होते. पण नाही म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "तिला सांगायचं नाही. पोरीला खोटं बोलायला लावायचं नाही." मला ते पटलं. तिला टोचलं की ती बोलणारच, गेली तीन वर्षं दुसरं करत काय होती? आमची अक्कल नेमकी इथे गहाण पडली.

मग धाकटा वाकडी प्लेट करायला बसला. आणि त्याला ती जमेना.

पहिली केली, साच्यावर ठेवली, चपखल बसली. त्याने ती मला शरमेने दाखवली. दुसरी करताना म्हणे त्याने मुद्दाम लक्ष दिलं नाही. ती तर पहिलीपेक्षा सरस निघाली. मी म्हटलं, डोळे मिटून कर. त्याने मिटले. हाताला काय, हात आपले ठरलेल्या वाटेने गेले आणि नीट प्लेट करून मोकळे झाले. मी म्हटलं, आण इकडे, मी तिच्यावर पाय देते. तो म्हणाला, मोडकी आणि वाकडी यात फरक असतो ताई, मोडकी दोन तासांत सांधता येते. डॉक्टरांच्या कामाचा इकडे खोळंबा झाला. मी सबबी सांगून दमले. एका डॉक्टरांना तर तो आजारी आहे म्हणून सांगितलं, आणि त्याचा चेहरा बघता ते अगदीच खोटं नव्हतं.

शेवटी त्याने चष्मा काढून ठेवला, डाव्या हाताने काम केलं, आणि एका दिवसात जमवलं. एक दात जरासा फिरवला, टाळूची एक कड उचलली. झाल्यावर दरदरून घाम आला होता त्याला. "झाली," म्हणाला, आणि हात साबणाने धुतले.

शनिवारी पोरीने ती घातली. घालताना तिचा एक डोळा बारीक झाला, एवढंच.

"कशी आहे?" धाकट्याने विचारलं.

"छान."

"टोचतंय का?"

"नाही."

"नीट बघ. टोचत असेल."

"नाही टोचत," ती म्हणाली. "छान बसलीये." आणि आल्या पावली मावशीबरोबर परत गेली. पुढच्या शनिवारी ती आलीच नाही. त्याच्या पुढच्याही.

धाकट्याचं जेवणावरून लक्ष उडालं. "तिला दुखत असणार, ताई."

"अरे, तपासणीपर्यंतचा प्रश्न आहे. तिथे सांगेल ती."

"मला माहितीये ना किती दुखत असेल. मीच केलंय ते."

त्याच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून मी बाहेर जाऊन झाडांना पाणी घातलं. झाडांना सकाळीच घातलं होतं.

तपासणीच्या दिवशी प्लेट करणारा म्हणून धाकट्याला अधीक्षकबाईंनी बोलावलं. त्याच्या वतीने बोलायला मीही गेले. खोलीत एक टेबल, टेबलामागे अधीक्षकबाई, कोपऱ्यात बॅटरी घेतलेले डॉक्टर. हे डॉक्टर चांगले वयस्क होते, आणि दिवसभर तोंडं बघून कंटाळलेले. पोरगी आत आली. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. गाल जरा सुजलेला होता.

"दात कसे आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम बरोबर."

"दुखत वगैरे नाही?"

"अजिबात नाही."

डॉक्टरांनी प्लेट काढली, बॅटरी मारली आणि थांबले. आत हिरडी सोलून निघाली होती. त्यांनी प्लेट उलटसुलट करून बघितली. "ही कोणी केली? शिकाऊ पोरालासुद्धा इतकी वाईट जमायची नाही."

धाकट्याचे कान लालबुंद झाले. मी मात्र मनातल्या मनात देवाचे आभार मानले. जमलं, म्हटलं. आता म्हणतील, उपचार चालू ठेवा.

डॉक्टर अधीक्षकबाईंकडे वळले. "हिला दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवा. मोठ्या वसतिगृहाच्या गावी चांगले कारागीर आहेत. उलट लवकर हलवलीत तर बरं."

हा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्याला शिवला नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी पोरगी बोलली.

"काकांचं काही चुकलेलं नाही. मीच पाडली प्लेट. जिन्यावर. म्हणून वाकडी झाली. त्यांनी दिली तेव्हा बरोबर होती."

"पडून ती वाकत नाही, बाळा," डॉक्टर म्हणाले. "फुटते."

"माझी वाकली."

"आणि मग इतकं दुखत असताना बोलली का नाहीस?"

"दुखत नाहीये म्हटलं ना!" ती ओरडली, डॉक्टरांच्या हातातून प्लेट हिसकावली, तोंडात घातली आणि अंगठ्याने दाबून बसवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बघा. बसतेय की नाही? काका चुकत नाहीत."

"काढ ती," धाकटा म्हणाला.

"नाही."

"खिडके, काढ." त्याने हात पुढे केला. ती काढेना. तेव्हा माझा भाऊ डॉक्टरांकडे वळला आणि बोलायला लागला.

"मी मुद्दाम वाकडी केली. ती बरोबर बसली असती तर तुम्ही हिला पाठवलं असतं. ती पाडली वगैरे खोटं आहे. हिला काही माहीत नव्हतं. चूक माझी आहे. मला ती जायला नको आहे. शनिवारी ती येते. बाकी माझ्याकडे कोणी येत नाही, म्हणजे येतात, पण ते दातांसाठी येतात." तो थांबला. "तीही दातांसाठीच येते. पण ती येते."

इतकं सलग बोलताना मी त्याला जन्मात ऐकलं नव्हतं. नवरा गेला तेव्हासुद्धा तो मला "चल" एवढंच म्हणाला होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पोरीने गुपचूप प्लेट काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

अधीक्षकबाई टेबलाकडे बघत होत्या. डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"मला एक सांगा. मुलीचा जबडा वाढतोय ना?"

"हो," धाकटा म्हणाला.

"म्हणजे आज नीट बसलेली प्लेट वर्षभराने बसेल?"

"नाही. त्याआधीच घट्ट होईल."

"मग नवी करावी लागेल?"

"लागेल."

"असं कधीपर्यंत?"

"वाढ थांबेपर्यंत. अठरापर्यंत तरी."

"मग याला काय म्हणतात?"

उत्तर अधीक्षकबाईंनी दिलं. "उपचार चालू आहे," त्या हळूच म्हणाल्या.

"मला तुम्ही हे सरळ विचारलं असतंत तर मीच सांगितलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि बॅटरी खिशात घातली. "नीट प्लेट करून द्या तिला. उद्याच."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात फळीवर त्या पोरीच्या जबड्यांची रांग होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. मी रोज त्यांच्यावर फडकं मारत होते. आणि आमच्या हुशार घराण्याला काय सुचलं, तर वाकडं काम. धाकट्याचं एक वेळ सोडा, त्याच्या लेखी हातावेगळी केलेली प्लेट म्हणजे संपलेलं काम. पण मला काय धाड भरली होती?

बाहेर पायऱ्यांवर पोरगी त्याच्यासमोर उभी राहिली. कमरेवर हात.

"मुद्दाम केलीत?"

"हो."

"मला खूप दुखलं."

"माहितीये."

"मी कोणाला बोलले नाही. रात्री पण काढली नाही. मला वाटलं, तुमचं पहिल्यांदाच चुकलं. तुम्हाला कळलं तर किती वाईट वाटेल."

धाकटा खाली पायरीवर बसला आणि रडला. हुंदके देऊन, लहान पोरासारखा, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. मी त्याला आवरायला पुढे झाले, तर पोरीने मला हाताने थांबवलं. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याचं होईपर्यंत जरा वैतागल्यासारखी बसून राहिली. "परत असं करायचं नाही," मग म्हणाली. "जायचं झालं तर मी जाईन. पण वाकडं काम नाही."

"नाही करणार," तो म्हणाला.

ती गेली नाही. मोठी होत गेली, प्लेटा होत गेल्या. तिला उंची आली, मतं आली, मध्ये एक वर्षभर तिला आम्ही दोघंही अडाणी वाटत होतो, तेही आम्ही काढलं. अठरा झाली तशी बालगृहाने तिला रीतसर निरोप दिला. एका चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, दोन मैत्रिणींबरोबर भाड्याची खोली घेतली. वाढ थांबली होती, म्हणून पक्के दात करायचे ठरले. ते धाकट्याने केले. किती वेळ लावला म्हणून सांगू! डॉक्टरीणबाईंनी शेवटी स्वतः येऊन ते त्याच्या हातून काढून नेले आणि कायमचे बसवून टाकले. आता ते निघणार नाहीत, घट्ट होणार नाहीत, टोचणारही नाहीत.

"सुरेख झालंय काम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता हिला तुमच्याकडे यायची गरज नाही."

धाकट्याने मान डोलावली. त्या आठवड्यात तो माझ्याशीसुद्धा बोलला नाही, आणि या वेळी मला ते पहिल्याच दिवशी कळलं. मी त्याला समजावलं की पोरीला आता नोकरी आहे, मैत्रिणी आहेत, तिचं वय आहे. शहाण्यासारखं समजावलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःला समजावलं. आम्हा दोघांनाही ते पटलं नाही.

शनिवार आला. सकाळी कोणी आलं नाही. दुपारही गेली. धाकटा एकच साचा पुसत होता. मी दोनदा उगीचच दार उघडून रस्ता बघितला आणि तिसऱ्यांदा उघडते तर ती समोरच, दुकानातून सुटून आलेली, घामाघूम. आत आली, चपला काढल्या, माठातलं पाणी घेतलं, स्टुलावर बसली.

धाकटा उभा राहिला. "काय झालं? दात हलतोय का?"

"नाही."

"दुखतंय?"

"नाही हो, काका."

"मग? काही काम होतं का?"

तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, की याला काय झालंय.

"घरी यायला काम लागतं का?" ती म्हणाली, आणि मला विचारलं, "आत्या, खायला काय आहे?"

धाकटा आमच्याकडे पाठ करून बसला आणि त्याने मशीन चालू केलं. ते बराच वेळ फिरत होतं. हातात काहीच नव्हतं त्याच्या.